वाड्यावरचे प्रश्न: शेताचा झोन, जुनी बिल्डिंग आणि गेटचं कुलूप

या महिन्यात पत्रं जास्त आली आणि गंमत म्हणजे निम्म्यांमध्ये तरी एक वाक्य सारखंच, "आमचा मुंबईचा भाऊ म्हणतो की..." मुंबईच्या भावावर माझा राग नाही, माझा स्वतःचा एक डोंबिवलीत आहे, पण तो सांगतो ते महाराष्ट्राचे नियम आणि गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा चेकनाका आला की त्यातले अर्धे तिथेच गाडीतून उतरतात. मी पंचायतीत आधी कारकून आणि मग सचिव म्हणून नोकरी केली, लोक रागाने येऊन टेबलावर हात आपटून जायचे पण अर्ज देऊन जायचे नाहीत, आणि मग दोन वर्षांनी विचारायचे आमच्या तक्रारीचं काय झालं. कसली तक्रार, कुठे आहे? म्हणून यावेळी पत्रं तीनच मोठी घेतलीत, आणि उरलेली शेवटी थोडक्यात.

पहिलं पत्र: काका, आमचं घर बार्देशात, गावाचं नाव छापू नका. वाड्याच्या खाली भाताचं शेत आहे, पाच-सहा वर्षं कुणी करत नाही, पडीक आहे, पण पावसात सगळ्या वाड्याचं पाणी तिथेच उतरतं. परवा ग्रुपवर कुणीतरी पेपरातल्या नोटिशीचा फोटो टाकला, त्यात त्या शेताचा सर्व्हे नंबर आहे आणि झोन बदलून सेटलमेंट (म्हणजे वस्तीचा) करायचा असं लिहिलंय. आमची चाळीस घरांची रहिवासी संघटना आहे पण ती आतापर्यंत कचरा आणि गणपतीची वर्गणी एवढ्यापुरतीच. सरपंच म्हणतात आमच्या हातात काही नाही. मग कोणाच्या हातात आहे?

ताई, आधी त्या फोटोवरची तारीख बघा, बाकीचं उत्तर नंतर वाचा. ही नोटीस बहुतेक नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खालची असणार. मूळ कायदा १९७४ चा, हे कलम २०२४ मध्ये घातलं, आणि त्यात झोन बदलायच्या आधी लोकांच्या सूचना-हरकतींसाठी ३० दिवस द्यावे लागतात. ते दिवस नोटिशीपासून मोजतात, तुमच्या ग्रुपवर फोटो कधी आला त्यापासून नाही. तुमच्या पत्रावरून वाटतंय की दहा-बारा दिवस ऑलरेडी गेलेत, त्यामुळे पुढच्या रविवारी मीटिंग घेऊ वगैरे करू नका, आज संध्याकाळीच बसा.

सरपंच अर्धं खरं बोलले. झोन पंचायत बदलत नाही, ते काम टीसीपीचं म्हणजे नगरनियोजन खात्याचं आणि शेवटी सरकारचं. पण उद्या झोन बदललाच आणि तिथे बिल्डिंग यायची झाली तर बांधकामाचा परवाना पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली पंचायतीकडेच येतो, तेव्हा "हातात काही नाही" हे वाक्य त्यांना परत वापरता येणार नाही, हे त्यांना आत्ताच प्रेमाने सांगून ठेवा.

आता कागद. पहिला, एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा जमिनीचा उतारा. तो ऑनलाइन मिळतो, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन नंबर टाकला की येतो. लोक त्यात फक्त मालकाचं नाव बघतात आणि बंद करतात. तुम्ही कुळाचा रकाना बघा. तिथे कुणाचं नाव असेल तर गोष्ट एकदम बदलते, कारण १९९१ चा लँड यूज कायदा आहे आपल्याकडे, कुळाची शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आणि २०२३ मध्ये अजून एक कायदा आला की भातशेत शेतकरी नसलेल्या माणसाला विकता येत नाही, म्हणजे नोटिशीतला अर्जदार कोण आहे, त्याने जमीन कधी आणि कशी घेतली हेही बघण्यासारखं आहे. शेत पडीक आहे म्हणून ते शेत राहत नाही असं काही नसतं, हे मी मुद्दाम लिहितोय कारण समोरचा माणूस पहिला मुद्दा हाच मांडणार.

दुसरा कागद म्हणजे रिजनल प्लॅन २०२१ चा नकाशा. त्यात भातशेतं, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), पाण्याच्या जागा आणि २५ टक्क्यांपेक्षा जास्त उताराचे डोंगर इको-सेन्सिटिव्ह १ मध्ये घातलेत, तिथे बांधकाम नाही. तालुक्याच्या टीसीपी ऑफिसात अर्ज करून त्या सर्व्हे नंबरचं झोनिंग सर्टिफिकेट घ्या, स्क्रीनशॉटवर विसंबू नका, रंग फसवतात, मोबाइलवर हिरवा आणि पोपटी एकच दिसतो.

तिसरी गोष्ट कागद नाही, पाणी आहे. व्हाळ (ओढा) कुठून येतो, मोरी कुठे आहे, मागच्या जुलैत कुणाच्या पडवीत किती पाणी आलं, विहिरींची पातळी, रस्ता किती मीटर रुंद आहे (पावलांनी नको, टेप लावून मोजा), हे सगळं फोटोसकट हरकतीत घाला. आणि एक विनंती, चाळीस घरांनी एकच झेरॉक्स काढून खाली चाळीस सह्या करू नका. ज्याच्या पडवीत पाणी येतं त्याने पडवीचं लिहावं, ज्याची विहीर आहे त्याने विहिरीचं. माझ्या टेबलावर असे गठ्ठे यायचे, एकच मजकूर असला की वाचणारा पहिला वाचतो आणि बाकीचे मोजतो. संघटनेचं पत्र वेगळं, त्याला मीटिंगच्या ठरावाची प्रत जोडा. आणि प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर मारून परत घ्या. शिक्क्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडायचं नाही, साहेब जेवायला गेले असतील तर बाहेर बाकावर बसायचं.

ग्रामसभेचं विसरू नका. साधारण सभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात रविवारी असतात, त्याशिवाय खास सभाही मागता येते. विषय आधी लेखी द्या, ऐनवेळी उठून बोललात तर "विषयपत्रिकेवर नाही" हे उत्तर तयार असतं. अजून एक, ग्रामसभेत गावच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत तेच सभासद. तुमच्या चाळीस घरांपैकी किती जणांचं मत अजून पुण्यात नाहीतर बेळगावात आहे ते मोजा एकदा, मला वाटतं धक्का बसेल. ठरावाने झोन थांबतोच असं नाही, पण ठराव रेकॉर्डवर राहतो आणि पुढे कोर्टात जायची वेळ आली तर वकील पहिलं तेच विचारतो.

कोर्टावरून आठवलं. तुमच्या गावातलं कुणी म्हणेल की झोन बदल तर हायकोर्टाने रद्द केले ना. ते कलम १७(२) चं प्रकरण, वेगळं. २०२३ मध्ये ते कलम घातलं, प्लॅनमधल्या "नजरचुका" दुरुस्त करायच्या नावाखाली एकेका प्लॉटचा झोन बदलत होते, लोकांना न विचारता. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ आवळला. सरकार त्यावर वर गेलं. तुमची नोटीस ३९अ ची असेल तर १७(२) चा निकाल जोडून मोकळं होऊ नका, हरकत ३९अ च्या मुदतीतच द्यायची. दोन्ही कलमांचा घोळ करून मुदत घालवलेली एक संघटना मला माहीत आहे, नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत.

आणि "आपण काय करणार" म्हणणारे म्हातारे वाड्यावर असतीलच, त्यांनाच विचारा २००६ चा डिसेंबर आठवतो का. रिजनल प्लॅन २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावोगाव लोकांनी नकाशे घेऊन आपापले सर्व्हे नंबर शोधले, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो प्लॅन मागे घ्यावा लागला. त्यांच्यापैकी एखादा तेव्हा स्वतः गेलेला निघेल बघा.

दुसरं पत्र: आमची बिल्डिंग वास्कोत, १९८६ सालची, तळमजल्यावर चार दुकानं आणि वर १६ फ्लॅट. बीमला तडे, गॅलरीच्या खालचं प्लॅस्टर पडतं, सळ्या दिसतात. एक बिल्डर आलाय, रिडेव्हलपमेंट करून प्रत्येकाला ३० टक्के जास्त जागा आणि भाडं देतो म्हणतो. बाराजण तयार, चारजण नाहीत, दुकानदार गप्प आहेत. माझी बहीण ठाण्याला असते, ती म्हणते ५१ टक्के झाले की पुरे, बाकीच्यांना यावंच लागतं. आमची मेंटेनन्स सोसायटी रजिस्टर आहे. मी सेक्रेटरी. ठराव घेऊन सही करू का?

नको. बहिणीला सांगा ती जे बोलते ते तिच्या ठाण्यासाठी बरोबर आहे. ते ५१ टक्के महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ७९अ खालच्या सूचनांमधून आलेत, २०१९ च्या. आपला सहकार कायदा वेगळा, २००१ चा. मोफा (तिकडचा फ्लॅट-मालकीचा कायदा), डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर होणं) हे शब्दही तिकडचेच. प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणाला तिकडे लोक एफएसआय म्हणतात, आपण एफएआर म्हणतो.

तुमच्या बिल्डिंगचा खरा प्रश्न आहे की जमीन कोणाच्या नावावर आहे. गोव्यात बहुतेक ठिकाणी सोसायटी "मेंटेनन्स" ची असते, म्हणजे पंप, जिना, झाडू, पाण्याचं बिल. जमीन तिच्या नावावर नसते. प्रत्येकाने आपापलं सेल डीड काढा, त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा दिलाय का ते वाचा. दिला असेल तर जमीन तुम्हा सगळ्यांची मिळून, दुकानदारांचीही, आणि ज्याचा हिस्सा आहे त्याच्या सहीशिवाय तो हिस्सा सोसायटीच्या ठरावाने देता येत नाही. दिला नसेल तर अजून वाईट, मग जमीन अजून त्या जुन्या बिल्डरच्या किंवा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) नावावर असेल, शहर असल्यामुळे फॉर्म डी (शहरातला जमिनीचा उतारा) काढून बघा. मी असं बघितलंय की सगळी माणसं नकाशे-किचनच्या टाइल्सपर्यंत पोचली आणि जमिनीचा मूळ मालक वारला होता आणि त्याचे वारस तीन देशांत.

आता सह्यांचं. हे बहिणीच्या ठाण्यात नाहीच. आपल्याकडे कुटुंबाच्या बाबतीत १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि स्थावर विकायची किंवा तिचा हक्क सोडायचा तर दोघांची संमती लागते. म्हणजे तुमचे "बाराजण तयार" हे बारा नाहीत, चोवीस आहेत, आणि त्यातल्या बारा बायकांना (काही घरांत नवऱ्यांना) अजून कुणी विचारलंच नसेल अशी माझी पैज. ज्या फ्लॅटचे मालक वारलेत तिथे वारस ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, नोटरीकडचं वारसांचं डीड किंवा कोर्टातली इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचा दावा), त्याला महिने लागतात. १९८६ ची बिल्डिंग आहे, सोळात तीन-चार तरी असे असणारच. हे काम बिल्डर कोणताही असला तरी करावंच लागणार, तर ते आत्ता चालू करा.

मग बिल्डरचं गणित. ३० टक्के जास्त जागा आणायची कुठून? तुमच्या प्लॉटला ओडीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) कुठला झोन आहे त्यावर एफएआर ठरतो. २०१० च्या बांधकाम नियमांत सेटलमेंटच्या एस-१ ला १००, एस-२ ला ८०, एस-३ ला ६० असे आकडे आहेत आणि कमर्शियल सी-१ ला २००. एफएआर १०० म्हणजे ढोबळमानाने प्लॉट जितका तितकंच बांधकाम. तुमच्या जुन्या बिल्डिंगने किती वापरलाय ते मंजूर प्लॅनवरून काढा. कमर्शियल झोन असेल तर बिल्डरला विकायला वर फ्लॅट मिळतात आणि त्यातून तुमचे ३० टक्के निघू शकतात. सेटलमेंट असेल आणि जुन्या बिल्डिंगने सगळा एफएआर खाल्ला असेल तर तो ३० टक्के हवेतूनच आणणार, किंवा नंतर झोन बदलून आणू असं म्हणणार, म्हणजे वरच्या पत्रातल्या ताईंच्या रांगेत तुम्ही दुसऱ्या बाजूने उभे. शिवाय वास्को, डाबोळी विमानतळाची धावपट्टी नौदलाची, तिथे उंचीसाठी नौदलाची एनओसी लागते, त्यामुळे "वर दोन मजले चढवू" हे वाक्य कागदावर आल्याशिवाय ऐकू नका.

आणि तो ३० टक्के कशावर? कार्पेटवर की सुपर बिल्टअपवर? हे विचारल्यावर बिल्डरचा चेहरा बघा. रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे, करारात तीच घाला. आठपेक्षा जास्त फ्लॅट आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असली तर विक्रीच्या फ्लॅटसाठी प्रोजेक्ट गोवा रेराकडे रजिस्टर व्हायलाच हवा, खरेदीदारांकडून येणारे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याची. याशिवाय भाड्यासाठी आणि काम अर्धवट सोडलं तर म्हणून बँक गॅरंटी मागा. देत नसेल तर दुसरा बिल्डर बघा. एकच बिल्डर आला म्हणून त्याच्याशी लग्न लावायला हवं असं नाही, किमान तिघांकडून लेखी ऑफर घ्या.

पण हे सगळं नंतर. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते "सळ्या दिसतात". समुद्राची खारी हवा काँक्रीटच्या आत शिरते, सळीला गंज चढतो, गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं आणि आतून काँक्रीट फोडतं, म्हणून प्लॅस्टर पडतं. वरून परत सिमेंट थापून रंग मारला की गंज आत तसाच चालू राहतो आणि तुम्हाला दोन वर्षं वाटतं झालं काम. चार जणांचं भांडण मिटेपर्यंत बिल्डिंग थांबणार नाही, तर या महिन्यात स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून ऑडिट करून घ्या, आणि तो बिल्डरने आणलेला नको, सोसायटीने पैसे देऊन आणलेला हवा. रिपोर्टमध्ये टेकू लावा म्हणाला तर टेकू लावा, गॅलरी वापरू नका म्हणाला तर कपडे आत वाळत घाला. रिपोर्टची एक प्रत पालिकेला द्या, शिक्का मारून. ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीवर बांधकाम चालू असलेली बिल्डिंग पडली, तीसच्या वर माणसं गेली, ती तर नवीन होती. तुमची चाळीस वर्षांची आहे.

आणि त्या चौघांना खलनायक करू नका. माझा अनुभव, नाही म्हणणाऱ्यांपैकी एकाला तरी बरोबर काहीतरी दिसलेलं असतं, फक्त त्याला ते नीट सांगता येत नाही म्हणून तो ओरडतो.

तिसरं पत्र: फोंड्याजवळ आमची प्लॉटिंगची कॉलनी, ५५ बंगले. गेल्या वर्षात दोन घरफोड्या झाल्या. कमिटीने ठरवलंय की कॉलनीच्या तोंडाला गेट लावून रात्री दहाला कुलूप घालायचं, आणि बाहेरच्या राज्यातल्या लोकांना आणि बॅचलर मुलांना घरं भाड्याने द्यायची नाहीत असा नियम करायचा. काहीजणांचा विरोध आहे. तुमचं काय मत?

गेटचं आधी. रस्ता कोणाचा? कॉलनीच्या मंजूर सबडिव्हिजन प्लॅनवर आतले रस्ते आणि ओपन स्पेस दाखवलेले असतात, बऱ्याच ठिकाणी ते पंचायतीला दिलेले असतात, आणि तुमच्या रस्त्यावर पंचायतीने कधी डांबर घातलं असेल तर उत्तर मिळालंच. सार्वजनिक रस्त्याला कुलूप घालता येत नाही. रात्री दीडला कुणाला छातीत दुखलं, १०८ आली आणि किल्लीवाला काका झोपलाय, हा विचार कमिटीने केलाय का? आगीच्या बंबाचंही तेच.

दुसऱ्या नियमाबद्दल मी स्पष्टच लिहितो, मला तो आवडला नाही. घरफोडी कोणी केली हे पोलिसांना अजून सापडलेलं नाही आणि कमिटीला सापडलं? आपल्या कॉलनीतले प्लंबर, गवंडी, बेकरीत पाव भाजणारे, पोरांना ट्यूशन देणारे कोण आहेत ते एकदा मोजा. आणि आपलीच मुलं बंगळुरूला बॅचलर म्हणून घर शोधत फिरतात तेव्हा कोण शिव्या घालतं? असा नियम करून कमिटी घरमालकांना फक्त चोरून भाडेकरू ठेवायला शिकवणार, मग तर कुणाचीच नोंद नाही.

करायचं ते असं, भाडेकरू पडताळणीचा फॉर्म घरमालकाने पोलिस ठाण्यात भरून द्यायचा, सगळ्या भाडेकरूंचा, मडगावच्याही आणि बिहारच्याही. कमिटीने फक्त यादी ठेवायची की कुणी भरला आणि कुणी नाही, आधार कार्डाच्या झेरॉक्स कमिटीच्या कपाटात जमवायच्या नाहीत. परदेशी पाहुणा राहत असेल तर घरमालकाला २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. आणि कुणी बंगला टुरिस्टना दिवसावर देत असेल तर त्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ पासूनचा कायदा आहे, नवीन काही नाही. घरफोड्या बहुतेक बंद घरांत होतात, चतुर्थीला सगळे मूळ गावी गेलेले असताना, तर कोण कधी बाहेर जाणार ते शेजाऱ्याला आणि पोलिस ठाण्याला कळवणं हे गेटपेक्षा स्वस्त. खांबावरचे बंद दिवे खांबाच्या नंबरासकट वीज खात्याला १९१२ वर कळवा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा, "आमच्याकडे लाइट नाही" अशी तक्रार कुणाला सापडत नाही. सीसीटीव्ही लावा, पण रस्त्याकडे तोंड करून, शेजारणीच्या अंगणाकडे नाही, त्यावरून नंतर जी भांडणं होतात ती चोरीपेक्षा जास्त टिकतात.

आता छोटी पत्रं, पटापट.

किनारपट्टीवरून एका ताईंनी विचारलंय, शेजारी बार झालाय, रात्री दोनपर्यंत गाणी, आतमध्ये एकच दरवाजा आहे असं वेटर सांगतो. तक्रार आवाजाची करू की आगीची? दोन वेगवेगळ्या करा, एकत्र नको. रात्री दहा ते सकाळी सहा हा आवाजाच्या नियमांत रात्रीचा वेळ, रहिवासी भागात ४५ डेसिबल, त्यासाठी ११२ आणि पोलिस. दरवाजाची तक्रार अग्निशमन दलाला आणि पंचायतीला लेखी, आणि त्यात परवान्याची, ऑक्युपन्सीची (वापराच्या दाखल्याची) आणि फायर एनओसीची प्रत आरटीआयखाली मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडेच्या नाइटक्लबात २५ माणसं गेली, तिथल्या बांधकामाला पंचायतीने पाडायची नोटीस दिली होती आणि वरून तिला स्टे मिळाला होता. म्हणून पंचायतीने नोटीस काढली एवढं ऐकून घरी बसू नका, स्टे आला का, पुढची तारीख कधी, हे दर महिन्याला जाऊन विचारा.

"संघटना रजिस्टर करावी का, की ग्रुप पुरे?" ग्रुपवर गुड मॉर्निंग येतं, ठराव येत नाही. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात माणसं पुरतात. नोंदणी झाली की बँकेत खातं, खात्यात वर्गणी, आणि हिशोब दरवर्षी वाचून दाखवायचा, तो नाही दाखवला की संघटना तिसऱ्या वर्षी फुटते, ज्या कामासाठी काढली ते कितीही मोठं असलं तरी.

"आमच्या घरावर शेजाऱ्याचा जुना आंबा झुकलाय, तो कापत नाही, पावसात पडेल." उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, फोटोसकट, झाडापासून छपरापर्यंतचं अंतर मोजून. मे संपायच्या आत करा, जूनमध्ये त्यांच्याकडे अशा अर्जांचा ढीग असतो. आणि आधी एकदा शेजाऱ्याला कापायचा अर्धा खर्च देतो म्हणून बघा, दहातल्या सहा वेळा झाड तिथेच मिटतं.

शेवटचं, पेडण्याहून. "रविवारी सकाळी जेसीबी येऊन डोंगर कापतो, सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत गायब. काय करायचं?" रविवारच निवडतात कारण सोमवारी ऑफिस उघडतं हे त्यांनाही माहीत आहे. डोंगर कापायला आणि सखल जागा भरायला नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली आधी लेखी परवानगी लागते. उपजिल्हाधिकाऱ्यांचं भरारी पथक सुट्टीच्या दिवशीही असतं, त्याचा नंबर आजच शोधून चार घरांत फ्रिजवर चिकटवून ठेवा. जेसीबीच्या अंगावर जाऊ नका, दुरून फोटो काढा, नंबर प्लेट, मागचं ओळखीचं झाड किंवा घर आणि वेळ दिसेल असा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. फोन केला ती वेळ आणि कोणी उचलला त्याचं नाव लिहून ठेवा, सोमवारी सकाळी तेच सगळं कागदावर, टीसीपीला एक, मामलेदाराला एक, पंचायतीला एक. शिक्का घ्यायला विसरू नका.